अक्षरं बिघडण्याआधी प्रोग्रामला अडू द्या

“कालपर्यंत यादी नीट दिसत होती, आज सगळीकडे प्रश्नचिन्हं आहेत.” “एक्सेलमध्ये फाइल उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं येतात.” “प्रोग्राम दोनशे नोंदी वाचतो आणि दोनशे एकाव्या नोंदीला बंद पडतो. तेवढी ओळ काढून टाकू का?”

अशी विचारणा वाचकांकडून सतत होत असते. विचारणारे बहुतेक जण मोठ्या कंपन्यांतले नसतात. कुणी पतसंस्थेत खातेदारांची यादी सांभाळतं, कुणी वाचनालयाची सभासद नोंदवही संगणकावर चढवतं, कुणी मासिकाच्या वर्गणीदारांचे पत्ते छापतं, तर कुणी नुकतंच प्रोग्रामिंग शिकून गावातल्या संस्थेला छोटंसं सॉफ्टवेअर लिहून देत असतं. माणसांची मराठी नावं संगणकात शाबूत राहतात ती यांच्याच भरवशावर. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चुकीचे बाइट दिसल्यावर प्रोग्राम अडत असेल, तर तो तुमचं नुकसान टाळत असतो. अडलेला प्रोग्राम तासाभरात दुरुस्त होतो. गुपचूप बिघडलेलं नाव मात्र वर्षानुवर्षं तसंच छापलं जातं, आणि ते दुरुस्त करायला निघालं की मूळ कागद सापडत नाही.

सगळ्यात आधी: सेव्ह करू नका

बिघडलेला मजकूर दिसला की हात आपोआप सेव्हच्या बटणाकडे जातो. तिथेच थांबा आणि या क्रमाने चला.

१. फाइल सेव्ह न करता बंद करा. “बदल जतन करायचे का?” असं विचारलं तर नाही म्हणा.
२. मूळ फाइलची प्रत काढा, नावात तारीख घाला आणि ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. यापुढचे सगळे प्रयोग प्रतीवरच करा.
३. फाइल कुठून आली ते विचारा. कोणत्या प्रोग्राममधून काढली, साधारण कोणत्या वर्षी, मधे कुणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती का? या तीन उत्तरांत निम्मं निदान होतं.

बिघाड कोणता, ते डोळ्यांनी ओळखा

बिघडलेली मराठी सगळीकडे सारखी दिसत नाही. दिसण्यावरूनच कळतं की मजकूर परत मिळेल की नाही.

• रिकाम्या चौकटी. प्रत्येक अक्षराच्या जागी छोटा चौकोन दिसत असेल तर बहुधा मजकूर धडधाकट आहे. त्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही, एवढंच. फॉन्ट टाका.

• ओळीने प्रश्नचिन्हं. हा सगळ्यात वाईट प्रकार. देवनागरीला जागाच नसलेल्या जुन्या संकेतात (एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या पद्धतीत) कुणीतरी मजकूर सेव्ह केला आणि प्रोग्रामने प्रत्येक अक्षराऐवजी खरंखुरं प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. या फाइलमधून काहीही परत येत नाही. आधीची प्रत शोधा.

• काळ्या शंकरपाळ्यात पांढरं प्रश्नचिन्ह. वाचणाऱ्या प्रोग्रामला बाइट समजले नाहीत, म्हणून त्याने पर्यायी चिन्ह दाखवलं. फाइल अजून सेव्ह झाली नसेल तर मूळ बाइट आत आहेत. सेव्ह झाली असेल तर त्या जागी पर्यायी चिन्हाचे बाइट बसले आणि मूळ अक्षर गेलं.

• डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यामागे चार पाय फुटलेलं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. यूटीएफ-८ या युनिकोडच्या संकेतातला मजकूर विंडोजच्या जुन्या १२५२ या पश्चिम युरोपीय संकेतात वाचला गेला आहे. हा बहुतेक वेळा दुरुस्त होतो. याबद्दल पुढे सविस्तर.

• साधी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं, पण अर्थ काहीच नाही. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. यात संकेत चुकलेला नाही आणि प्रोग्राम सहसा तक्रार करणार नाही. याचाही विचार पुढे करू.

‘मराठी’ या शब्दाचे पंधरा बाइट

थोडं आत डोकावू या, कारण दुरुस्ती करताना हात कुठे घसरतो ते इथेच कळतं.

‘मराठी’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने पाच घटक आहेत: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे पूर्ण शब्द पंधरा बाइटांचा. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. ‘ठ’ म्हणजे २२४, १६४, १६०. दीर्घ वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८. जुन्या १२५२ संकेतात २२४ म्हणजे तो रेघेचा ‘ए’, १६४ म्हणजे पायवालं वर्तुळ आणि १६५ म्हणजे येन. म्हणूनच ती जोडी सारखी दिसते.

दुरुस्तीचं तत्त्व सरळ आहे. दिसणारी चिन्हं १२५२ संकेतातून परत बाइटांत न्या आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाचा. पण तिसऱ्या बाइटकडे नीट पाहा. ‘ठ’चा तिसरा बाइट १६०. जुन्या संकेतात १६० म्हणजे ‘न तुटणारी मोकळी जागा’. कुणी बिघडलेला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, किंवा प्रोग्रामने जादा मोकळ्या जागा साफ केल्या, की १६० च्या जागी साधी स्पेस येते आणि ‘ठ’ कायमचा जातो. ‘भ’चा तिसरा बाइट १७३, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी मऊ संयोगरेषा. तीही कॉपी करताना अनेकदा गळून पडते.

याहून मोठी अडचण पाच आकड्यांची. १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या बाइटांना १२५२ संकेतात कोणतंही चिन्ह नेमून दिलेलं नाही. आणि नेमके हेच बाइट आपल्या ऱ्हस्व उकारात, हलन्तात, ‘ए’, ‘ऐ’ आणि ‘झ’ मध्ये येतात. हलन्त गेला म्हणजे जोडाक्षरं गेली. म्हणून ‘बदलापूर’ नीट परत येतं आणि ‘अक्कलकोट’वर दुरुस्तीचा प्रोग्राम एक्सेप्शन देतो, म्हणजे चूक दाखवून अडतो. असं झालं तर घाबरू नका आणि “अडणारं अक्षर वगळ” असंही सांगू नका. त्या पाच बाइटांसाठी वेगळी सोय करून पुन्हा चालवा. शक्य असेल तर बिघडलेली फाइल दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता मूळ फाइल यूटीएफ-८ म्हणून नव्याने वाचा. तोच जवळचा आणि खात्रीचा रस्ता.

रमेश विठ्ठल कुलकर्णी आणि चाळीस बाइटांचा रकाना

एका वाचनालयाची सभासद यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं काम मी पाहिलं होतं. जुना प्रोग्राम नावाच्या रकान्यात चाळीस बाइट ठेवायचा आणि पुढचे कापायचा. रोमन नावांसाठी चाळीस पुष्कळ होते. मराठी आल्यावर त्यात जेमतेम तेरा घटक मावू लागले. याचा कुणी विचारच केलेला नव्हता.

आयात करताना प्रोग्राम ‘रमेश विठ्ठल कुलकर्णी’ या नोंदीवर अडला. हिशेब करून पाहा. ‘रमेश’चे बारा बाइट, स्पेसचा एक, ‘विठ्ठल’चे अठरा, पुन्हा स्पेसचा एक. झाले बत्तीस. मग ‘क’ आणि उकाराचे सहा, एकूण अडतीस. उरलेल्या दोन बाइटांत ‘ल’चे तीन बाइट कसे मावणार? पहिले दोन बसले, तिसरा कापला गेला. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ ची रचना करताना अक्षराच्या पहिल्याच बाइटमध्ये पुढे किती बाइट येणार ते नोंदवण्याची सोय केली. २२४ म्हणजे तीन बाइटांचं अक्षर. दोनच मिळाले, म्हणून आयातीचा प्रोग्राम ज्या भाषेत होता त्या पायथनने एक्सेप्शन दिलं: अडतीस आणि एकोणचाळीस या स्थानांवर मजकूर अचानक संपला. स्थानं शून्यापासून मोजलेली.

काम करणाऱ्या मुलाने अशी दहा-बारा नावं अडलेली पाहिली आणि वाचण्याच्या आज्ञेत ‘इग्नोर’ लिहिलं. एक्सेप्शन बंद. आयात एका मिनिटात पूर्ण. ओळखपत्रांवर छापलं गेलं: ‘रमेश विठ्ठल कु’.

खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. यादीत ‘सरस्वतीबाई कुलकर्णी’ असंही एक नाव होतं. त्यात कापण्याच्या जागेपर्यंत एकच स्पेस येते. दहा घटकांचे तीस बाइट, स्पेसचा एक, आणि ‘कुल’चे नऊ. बरोबर चाळीस. कात्री अगदी अक्षरांच्या सीमेवर चालली, त्यामुळे एकही बाइट अर्धवट राहिला नाही आणि प्रोग्रामला तक्रारीचं कारणच नव्हतं. बाईंचं आडनाव ‘कुल’ झालं. ते एक्सेप्शन आलेल्या नावांच्या यादीत नव्हतं आणि इग्नोर केलेल्या नावांतही नव्हतं.

म्हणजे यादीतली कितीतरी नावं कापली गेली होती आणि त्यातली मोजकीच ओरडत होती. ती ओरड ऐकून कुणी विचारलं असतं की ‘ल’ अर्धा का आहे, तर चाळीस बाइटांची मर्यादा सापडली असती आणि सगळीच नावं वाचली असती. मी तेव्हापासून एक्सेप्शनकडे साक्षीदार म्हणून बघतो. साक्षीदाराचं तोंड बंद करून खटला सुटत नाही.

एक्सेप्शन कुठे पकडायचं

“मग प्रोग्राम प्रत्येक चुकीला बंदच पडू द्यायचा का?” नाही. दहा हजार नोंदींपैकी एक खराब असेल तर बाकीच्या अडकून राहायला नकोत. फक्त पकडण्याची पद्धत नीट हवी.

• सीमेवर पकडा. बाहेरचा मजकूर जिथे आत येतो, म्हणजे फाइल वाचताना, फॉर्म स्वीकारताना, दुसऱ्या यंत्रणेकडून माहिती घेताना, तिथेच तो यूटीएफ-८ म्हणून काटेकोरपणे तपासा. एकदा आत आलेल्या मजकुरावर मग पुढचं सगळं सॉफ्टवेअर निर्धास्त विसंबू शकतं.

• ठरावीक एक्सेप्शनच पकडा. पायथनमध्ये ‘युनिकोडडिकोडएरर’ असं नाव घेऊन पकडा. सगळ्याच चुका एका जाळीत पकडून पुढे ‘पास’ लिहिलंत, तर डिस्क भरल्याची, रकाना न सापडल्याची, तुमच्या स्वतःच्या टायपिंगची अशा सगळ्या चुका एकत्र पुरल्या जातात.

• खराब नोंद बाजूला ठेवा, फेकू नका. तिच्यासाठी वेगळी फाइल करा. मूळ बाइट जसेच्या तसे ठेवा, सोबत मूळ फाइलचं नाव, ओळ क्रमांक, बाइटचं स्थान आणि एक्सेप्शनचा मजकूर लिहा. बाइट आकड्यांत लिहा. अक्षरांत लिहायला गेलात तर नोंदवहीच पुन्हा एक्सेप्शन देईल, आणि हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

• शेवटी आकडे जुळवा. आत आलेल्या अधिक बाजूला ठेवलेल्या नोंदी म्हणजे एकूण नोंदी. हा हिशेब पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवा. बाजूला ठेवलेल्या नोंदी शून्य नसतील तर “काम यशस्वी” असं छापू नका.

• वापरणाऱ्याला माणसाच्या भाषेत सांगा. “२०१ व्या ओळीतलं नाव वाचता आलं नाही. मूळ कागद पाहून पुन्हा भरा.” एवढं पुरे. एक्सेप्शनचा लांबलचक मजकूर त्याच्या तोंडावर फेकण्यात काही अर्थ नाही. तो नोंदवहीत असू द्या.

बाजूला ठेवलेली फाइल रोज कुणीतरी उघडली पाहिजे. ते काम कुणाचं, हे संस्थेत आधी ठरवा.

तुमची भाषा अडते की गप्प राहते?

खराब बाइट दिसल्यावर आपली प्रोग्रामिंग भाषा काय करते, हे माहीत नसलं की फसगत होते, कारण प्रत्येक भाषेचा स्वभाव वेगळा.

पायथन-३ खराब बाइट दिसले की मुळातच अडतो. पण विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही, तर बहुतेक आवृत्त्या यंत्राचा जुना संकेत गृहीत धरतात. त्यामुळे तोच प्रोग्राम लिनक्सवर चालतो आणि ऑफिसच्या विंडोज संगणकावर मराठी लिहिताना ‘युनिकोडएन्कोडएरर’ देतो. उपाय एकच: फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीत यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा.

जावामध्ये दोन स्वभाव एकत्र नांदतात. बाइटांपासून थेट ‘स्ट्रिंग’ बनवलीत तर खराब बाइटांच्या जागी मुकाट पर्यायी चिन्ह येतं. ‘फाइल्स’ वर्गातून ओळी वाचल्यात तर एक्सेप्शन येतं. शिवाय यूटीएफ-८ हा मूळ संकेत झाला तो जावा-१८ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून. संस्थेत त्याआधीची आवृत्ती असेल तर संकेत स्वतः लिहा.

डॉट-नेटमधला नेहमीचा यूटीएफ-८ वाचक गप्प राहून पर्यायी चिन्ह घालतो. अवैध बाइटला एक्सेप्शन हवं असेल तर वाचक बनवतानाच तसं सांगावं लागतं. जावास्क्रिप्टच्या ‘टेक्स्टडिकोडर’चंही तसंच, तिथे ‘फेटल’ हा पर्याय चालू करा. पीएचपीत सगळ्यात जास्त सावध राहा. खराब बाइट असलेला मजकूर जेसनमध्ये बदलायला दिला तर उत्तर ‘फॉल्स’ येतं, आणि पानावर दाखवण्यासाठी साफ करायला दिला तर ८.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत रिकामा मजकूर परत येतो. पान कोरं दिसतं आणि चूक कुठेच दिसत नाही. आवृत्ती ७.३ पासून जेसनसाठी एक्सेप्शन मागता येतं. ते मागाच.

‘इग्नोर’, ‘रिप्लेस’ आणि त्यांचे भाऊबंद

खराब बाइटांचं काय करायचं, याचे पायथनमध्ये तयार पर्याय आहेत. त्यांचा उपयोग असा करा:

• ‘स्ट्रिक्ट’: अडतो. माणसांची नावं, पत्ते, रकमा, कायदेशीर मजकूर यांसाठी हाच.
• ‘रिप्लेस’: पर्यायी चिन्ह घालतो. फक्त पडद्यावर तात्पुरतं दाखवण्यासाठी. असा मजकूर परत सेव्ह करू नका.
• ‘बॅकस्लॅशरिप्लेस’: बाइटचा आकडाच मजकुरात लिहितो. नोंदवहीसाठी उत्तम.
• ‘सरोगेटएस्केप’: खराब बाइट लपवून जपतो आणि लिहिताना जसेच्या तसे परत देतो. मजकूर फक्त इकडून तिकडे न्यायचा असेल तेव्हा उपयोगी.
• ‘इग्नोर’: खराब बाइट टाकून देतो. मराठी नावांसाठी हा पर्याय मी कुणालाही सुचवत नाही.

एक्सेल आणि स्वल्पविरामाच्या फाइली

सर्वाधिक प्रश्न याच विषयावर येतात. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या, फाइलवर दोनदा क्लिक केलंत की एक्सेल तिचा संकेत बहुतेक वेळा जुनाच धरून चालतो. म्हणून फाइल अशी उघडा:

१. आधी कोरी एक्सेल फाइल उघडा.
२. ‘डेटा’ टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा.
३. ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा.
४. खाली नमुना दिसतो. मराठी नीट दिसलं तरच पुढे जा.
५. खाते क्रमांकासारखे रकाने ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात.

सेव्ह करताना नुसतं ‘सीएसव्ही’ न निवडता ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. एक्सेल २०१६ पासून तो पर्याय मिळू लागला. असं केल्यावर फाइलच्या अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन खुणेचे बाइट येतात. एक्सेलला त्यांचा उपयोग होतो, पण तुमचा प्रोग्राम मात्र “‘नाव’ हा रकाना सापडला नाही” असं म्हणून अडू शकतो, कारण ती न दिसणारी खूण पहिल्या मथळ्याला चिकटलेली असते. पायथनमध्ये अशा फाइलसाठी ‘यूटीएफ-८-सिग’ वापरा. विंडोजच्या नोटपॅडनेही २०१९ मधल्या सुधारणेपासून खुणेशिवायचा यूटीएफ-८ हाच मूळ पर्याय केला. त्याआधीच्या संगणकावर सेव्ह करताना एन्कोडिंग स्वतः निवडा.

डेटाबेसमध्ये काय तपासाल

मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाचा संकेत दिसला तर तो पूर्ण यूटीएफ-८ नाही हे लक्षात ठेवा. त्यात एका अक्षराला तीनच बाइट मिळतात. देवनागरी तीन बाइटांत बसते, त्यामुळे महिनोन् महिने सगळं छान चालतं. मग एखादा सभासद “धन्यवाद” लिहून पुढे हात जोडलेली इमोजी टाकतो. ती चार बाइटांची. डेटाबेस काटेकोर असेल तर १३६६ क्रमांकाची चूक देतो. ढिला असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर मुकाट कापतो. इमोजीनंतर तक्रार लिहिलेली असली, तर तक्रारच गेली. टेबल, रकाने आणि जोडणी अशा तिन्ही ठिकाणी ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवा. मायएसक्यूएल ८.० मध्ये तो मूळचाच आहे, पण जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. आणि काटेकोरपणाची सेटिंग “चुका फार येतात” म्हणून बंद करू नका.

ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी वेगळं काही सांगितलं नाही तर बाइटांत मोजली जाते. चाळीस लिहिलंत तर मराठी तेरा घटक. लांबी अक्षरांत मोजायला सांगा. तोच चाळीस बाइटांचा फास आहे, फक्त ओरॅकल निदान कापत नाही, एक्सेप्शन देतो.

एसएमएस पाठवणारी यंत्रणा असेल तर तिथेही लांबी तपासा: रोमनमध्ये एका संदेशात १६० अक्षरं जातात, मराठीत ७०.

जुन्या फॉन्टमधला मजकूर

श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कितीतरी फाइली संस्थांकडे पडून आहेत. त्यांत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांवर मराठी आकार चढवतो. त्यामुळे एन्कोडिंगची तपासणी त्यांना बहुतेक वेळा बिनबोभाट पास करते. इथे फॉन्टनुसार नेमका रूपांतरक लागतो. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टची मांडणीही वेगळी असू शकते, म्हणून आधी फॉन्टचं पूर्ण नाव लिहून घ्या.

रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार नक्की तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर येते. त्या फाइलमध्ये मधेमधे खरी इंग्रजी नावं, ई-मेल पत्ते असतील तर रूपांतरक त्यांचीही मराठी करून टाकतो. ते भाग आधी वेगळे काढा.

‘अवैध’ समजून काढली जाणारी वैध अक्षरं

काही प्रोग्रामर “न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाक” असा नियम लिहितात. मराठीत तो घातक ठरतो. ‘दऱ्या’ हा शब्द काही कळफलकांवरून र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा क्रमाने टाइप होतो. जोडक काढला की डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्राचा ‘दर्या’ होतो. बाइट वैध, एक्सेप्शन नाही, शब्दकोशातही शब्द सापडतो, आणि अर्थ मात्र पार बदललेला. हा जोडक मराठीचा भाग आहे, त्याला हात लावू नका.

दुसरा घोटाळा ‘ॲ’चा. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’ आणि अर्धचंद्र असे दोन घटक असतात. दिसायला एकच, पण संगणकासाठी वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. ‘ॲड.’ लिहून वकिलाचं नाव शोधलं आणि सापडलं नाही तर आधी हे पाहा. साठवताना मूळ टायपिंग तसंच ठेवा. फक्त शोधण्यासाठीच्या प्रतीत दोन्ही रूपं एक करा.

तुमचंच नाव बिघडलं असेल तर

तुम्ही प्रोग्राम लिहिणारे नसाल, पण पावतीवर, ओळखपत्रावर किंवा खात्यात तुमचं नाव अर्धवट वा चिन्हांनी भरलेलं आलं असेल, तर:

• बिघडलेल्या कागदाची आणि तुम्ही मुळात भरून दिलेल्या अर्जाची प्रत एकत्र जोडा. मूळ अर्ज बरोबर असेल तर चूक यंत्रणेची आहे हे तिथेच दिसतं.
• लेखी अर्जात ‘नाव बदलणे’ असं लिहू नका, ‘नोंदीतील चूक दुरुस्त करणे’ असं लिहा. राजपत्रात नाव बदलण्याची प्रक्रिया नाव बदलणाऱ्यांसाठी आहे. तुमचं नाव बदललेलं नाही.
• दुरुस्तीनंतरचं नाव पडद्यावर दाखवायला सांगा आणि छापील प्रतही मागा. पडद्यावर बरोबर आणि कागदावर चूक, असं होतं.
• डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये आपली वैयक्तिक माहिती दुरुस्त आणि पूर्ण करून घेण्याचा हक्क दिलेला आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने अंमलात येतो आहे. संस्थेकडे तक्रार निवारणाची काय व्यवस्था आहे, हे विचारण्यात संकोच करू नका.

आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक विनंती. आजच तुमच्या फॉर्ममध्ये ही नावं भरा: पुणे, ठाणे, भोर, झाराप, ऐरोली, एरंडोल, अक्कलकोट. वर सांगितलेला एकेक नाजूक बाइट या प्रत्येक नावात आहे. सोबत ‘दऱ्या’, ‘ॲड.’ आणि ‘रमेश विठ्ठल कुलकर्णी’. सेव्ह करा, फाइल काढा, एक्सेलमध्ये उघडा, छापा, पुन्हा आयात करा. दहाही नावं जशीच्या तशी परत आली, तरच ते सॉफ्टवेअर संस्थेच्या हाती द्या.